अकरा आठवडे राखून ठेवलेलं इंजिन

अमरिलोत मार्चचा वारा सुटला की माणसं टोपी धरून चालतात. त्या शनिवारी वाऱ्यावर उडत आली ती मात्र कुणाची तरी अख्खी वही... पान-पान सुटलेली.

नॅडीन प्रुइट मामाच्या भंगाराच्या यार्डात एका ठोकलेल्या पिकअपखाली आडवी होती. एक पान थेट तिच्या तोंडावरच येऊन चिकटलं.

"धरा! प्लीज धरा ते — ते रेडिएटरचं पान आहे!"

ती सरपटत बाहेर आली. समोर एक उंच, किडकिडीत तरुण धापा टाकत उभा. कान लालबुंद. तिने पान वाचलं. *इंजिन बदल, पान सदतीस.*

"सदतीस? इंजिन घेतलंय कुठलं?"

"अजून घेतलं नाही मॅडम. सध्या प्लॅनिंग चाललंय."

"मॅडम म्हणू नका मला. सव्वीस वर्षांची आहे मी."

"बरं मॅडम."

हा वेस्ली क्रॅब्ट्री. गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायचा. आजोबांची बहात्तर सालची पिकअप त्याच्याकडे आली होती, आणि तिचं सहा सिलेंडरचं मूळ इंजिन इतकं दमलेलं की समोरून वारा आला की गाडी उलटी चालल्यासारखी वाटायची. त्याला साडेतीनशे हॉर्सपॉवर हवी होती. रोज शाळेत जायच्या गाडीत!

नॅडीनने त्याला आठ सिलेंडरचं एक इंजिन दाखवलं. ते ज्या गाडीतलं ती मागून चेपलेली, इंजिनला ओरखडासुद्धा नाही. वेस्ली त्याच्याकडे असा बघत राहिला की तिला उगाचच हसू आलं. मग हसू दाबून तिने रंगाचं पिवळं पेन काढलं आणि इंजिनच्या डोक्यावर लिहिलं : *क्रॅब्ट्री, १४ मार्च.*

"यार्डाचा नियम. सात दिवस तुमचं. आठव्या दिवशी जो पहिला येईल त्याचं."

पुढच्या शनिवारी तो आला. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेले दोन गरम बरिटो. आणि शंका.

"ऑइल चेंबर चासीला घासेल."

"छोटं चेंबर मिळतं. बसतं. पुढे?"

"पुढे... बघतो."

तिने जुनी तारीख खोडली, तिच्यावरच नवी लिहिली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा बरिटो, पुन्हा शंका. मग पुन्हा. एव्हाना ती त्याला अरे-तुरे करायला लागली होती. पाचव्या आठवड्यात तिचा संयम सुटला.

"आता काय?"

"ब्रेक. साडेतीनशे हॉर्सपॉवर आणि पुढे जुने ड्रम ब्रेक... थांबायचं अंतर काढलं मी. गाडी शाळेच्या भिंतीतून आत जाऊन फळ्यापाशी थांबते."

"मग बदल की ब्रेक!"

"बदलले."

"कधी?"

"मंगळवारी."

नॅडीनने कपाळावर हात मारला. ग्रीस लागलं. तो हळूच म्हणाला, "इथे... डाव्या भुवईवर," आणि रुमाल पुढे केला. रुमालाला इस्त्री होती. इस्त्री! या माणसाचं करायचं तरी काय?

मे संपत आला. रेडिएटर आला, पेट्रोल पंप आला, वायरिंग आलं. सगळं तयार होतं. फक्त इंजिन तेवढं यार्डातच.

शुक्रवारी ऑर्विलमामा म्हणाला, "उद्या बाराला डूमस गावचा एक रँचवाला येतोय. ते आठ सिलेंडरचं त्याला देऊन टाक."

"ते राखीव आहे मामा. काय सांगू तुला, इतका बावळट माणूस मी जन्मात पाहिला नाही. अकरा आठवडे! नुसतं ठरवतोय!"

मामाने इंजिनवरून अंगठा फिरवला. पिवळ्या रंगाची चांगली जाड खपली झाली होती.

"नियम सात दिवसांचा. हे अकरा वेळा लिहिलं कुणी?"

"...मी."

"हं," मामा म्हणाला. "आणि बावळट तो."

तिने पाना आपटला. राग वेस्लीचा आला होता, मामाचा की स्वतःचा, तिचं तिलाच कळेना.

शनिवारी वेस्ली आला तशी ती समोर जाऊन उभी राहिली. "बरिटो नंतर. बारा वाजता हे इंजिन जाणार. घ्यायचं तर आत्ता घे, नाहीतर सोड. मी आता तारीख बदलणार नाही."

त्याचा चेहरा पडला. त्याने वही उघडून तिच्यापुढे धरली. पान एकशे चार.

*जुनं इंजिन काढल्यावर गाडी सहा ते आठ आठवडे बंद. यार्ड गावापासून बावीस मैल. बस नाही. शेजारचा रस्टी शनिवारी मासे धरायला जातो. सायकल : येताना वारा समोरून, तीन तास. जाताना पन्नास मिनिटं.*

खाली दोनदा अधोरेखित : *मग शनिवारी इथे यायचं कसं?*

"हे एवढं एकच गणित सुटत नाही मॅडम," तो म्हणाला. "बाकी सगळं... तिसऱ्याच आठवड्यात सुटलं होतं."

वारा जरासा पडला. नॅडीन ओरडलीच.

"वेस्ली! माझ्याकडे टो-ट्रक आहे! क्रेनवाला! मी नाही का येऊ शकत तुझ्याकडे?"

"ते... हिशेबात धरलं नव्हतं."

"आणि इंजिन बसवणार होतास कुणाबरोबर? एकटाच?"

"नाही. दोन माणसं लागतात. पान ब्याण्णव."

तिने पानं उलटली. *माणूस पहिला : वेस्ली. माणूस दुसरा :* आणि पुढे रिकामी जागा. पेन्सिलीने लिहून खोडलेली, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेली. खोडलेलं तरी वाचता येत होतं. सगळीकडे एकच नाव.

फाटकातून धूळ उडवत रँचवाल्याची गाडी आत वळली.

"गेलं ते!" नॅडीन त्या गाडीच्या दिशेने ओरडली. "विकलं गेलं!"

मग खिशातलं पिवळं पेन काढलं आणि त्या रिकाम्या जागेत ठसठशीत लिहिलं : *प्रुइट.*

"तारीख?" त्याने विचारलं.

"तारीख नाही लिहीत."

रंग ओलाच होता. झिरपत खालच्या पानांवर उतरला.

"खाली वायरिंगचा नकाशा आहे, तो —"

"वेस्ली."

"हं?"

"गप्प बस आणि क्रेनची साखळी धर."

त्याने साखळी धरली. इंजिन हळूहळू वर उचललं गेलं... आणि साखळीच्या पलीकडून, अकरा आठवड्यांत पहिल्यांदा, तो म्हणाला, "धरली, नॅडीन."