उघड्या पाठीचं चिलखत

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मामेबहीण आहे. आजही ती रस्त्याने जाताना सॅक पाठीला लावत नाही. छातीला लावते.

लोकांना वाटतं, चोरांना भीत असेल.

तसं नाही...

घडलं ते गेल्या हिवाळ्यात. रात्रीबिरात्री नाही, भर दुपारी, दिव्यांनी लखलखणाऱ्या ऑफिसात.

बहिणीला घरात सगळे 'मापटं' म्हणतात. लहानपणी ती दुधाच्या पेल्यांना पट्टी लावून बघायची, भावाला बोटभर जास्त तर नाही ना मिळालं. पुढे भौतिकशास्त्र शिकली आणि नोकरीला लागली एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत. तिथेही काम मोजण्याचंच. लाखो लोक त्या गेममध्ये एकमेकांशी लढायचे. कुठली तलवार फार कापते, कुठलं चिलखत फार तगतं, हे आकड्यांवरून हुडकायचं आणि जे डोईजड झालं असेल त्याची ताकद छाटायची. नाहीतर सगळे एकच शस्त्र उचलतात, तेच जिंकतात आणि बाकीचे कंटाळून निघून जातात.

मामी म्हणायची, "एवढं शिकली, आणि खोट्या तलवारींना धार लावत बसते."

"लावत नाही गं आई. काढते."

या कामात कौतुक नाही. ज्याची तलवार बोथट झाली तो शिव्या घालणारच. 'तुझे हात झडोत' हा तिला आलेल्या निरोपांमधला सभ्य निरोप. ऑफिसातही तिचं नाव पडलं होतं 'कात्री'.

तर त्या हिवाळ्यात एका चिलखताने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

काळंकुट्ट. छातीवर किल्ल्याच्या दरवाज्यासारखं जाड. आणि पाठ... उघडी. आडवे दोन चामडी पट्टे, बस्स. तोच त्याचा तोल होता. समोरून कितीही मारा, काही होणार नाही. मागून दोन वार बसले की खेळ खलास.

पण ते घालणारे मरतच नव्हते.

टीमच्या प्रमुखाला सगळे 'सरदार' म्हणायचे. तो तिच्या टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "शुक्रवारी अपडेट जातंय. तोवर हे चिलखत जमिनीवर आलं पाहिजे. नाही आलं तर तुझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल."

ती अजून कायम झालेली नव्हती. नोकरीसाठी तीनशे अर्ज टाकून हाती आलेली ही एकच जागा.

शेजारच्या टेबलावर ते चिलखत घडवणारा बसायचा. त्याला म्हणायचे 'मिस्त्री'. त्याने मान वर न करता सांगितलं, "ए कात्री, माझ्या कामाला हात लावलास ना, तर बघ."

"हात नाही रे लावत. कातरते फक्त."

दोघांचं असंच चालायचं. विळ्याभोपळ्याचं.

तिने आधी एक साधी गोष्ट केली. मारणाऱ्यांनी दिलेला सगळा मार एका बाजूला मांडला, मार खाणाऱ्यांना बसलेला दुसऱ्या बाजूला. बाकी सगळ्या चिलखतांत दोन्ही बाजू जुळत होत्या.

याच्यात जुळेनात.

आणि फरक येत होता फक्त पाठीवरच्या वारांत.

वार होत होते. नेम चुकत नव्हता. पण ज्याने चिलखत घातलंय त्याला ते लागत नव्हते...

मग लागत कुणाला होते?

भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी. काही गहाळ झालं असं म्हणून तिला झोप लागत नाही. इथून गेलं, तर कुठेतरी निघालं पाहिजे.

गुरुवारी दुपारी तिने मिस्त्रीला गेम तपासायच्या खोलीत ओढून नेलं. छोटी खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड कापड. दोन स्क्रीन, दोन खुर्च्या. दार लावलं की बाहेरचं ऑफिस बंद पडल्यासारखं वाटायचं.

तपासणीचं मैदान रिकामं होतं. वर करडं आभाळ, खाली ओला चिखल. मिस्त्रीच्या सैनिकाने चिलखत घातलं. तिचा सैनिक भाला घेऊन त्याच्या मागे उभा राहिला.

"मार," मिस्त्री म्हणाला. "इतक्या दिवसांची हौस फेडून घे."

तिने भाला मारला.

हेडफोनमध्ये आवाज आला. लोखंडाचा नाही. कातड्याचा नाही.

"हं..."

पोटात गुद्दा बसल्यावर माणसाचा श्वास सुटतो ना, तसा.

मिस्त्रीच्या सैनिकाला ओरखडाही नव्हता.

"हा आवाज कुणी टाकला?"

मिस्त्री स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आवाजवाल्याला विचारलं होतं मी. तो म्हणाला, माझा नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तू मार गं. जेवली नाहीस का?"

तिने पुन्हा मारला.

"हं..." या वेळी दात आवळून.

तिसरा वार तिने जोर लावून केला.

काहीच आवाज आला नाही. मैदानातलं वारंही थांबलं. कानात नुसती शांतता...

मग तिची नजर चिखलाकडे गेली.

मिस्त्रीच्या सैनिकाच्या बुटांचे ठसे होते. तिच्या सैनिकाचे होते. आणि दोघांच्या मध्ये, त्याच्या पाठीला लागून, आणखी दोन पावलं उमटली होती.

अनवाणी.

"आपल्या गेममध्ये अनवाणी कुणीच नाही," मिस्त्री हळूच म्हणाला.

बोटांची टोकं तिच्या दिशेने होती. म्हणजे जे काही तिथे होतं, ते मिस्त्रीच्या सैनिकाच्या पाठीला पाठ लावून उभं होतं...

"कात्री, तो तुझ्याकडे बघतोय."

तिने हेडफोन काढून टेबलावर आपटले. मिस्त्रीने आपलेही काढून ठेवले. तो सांगायला लागला. चिलखत घडवताना त्याने रोज, महिनोन्महिने, त्या पाठीवर वार करून बघितले होते. हा आवाज पहिल्या दिवसापासून होता.

"मी पट्टे जोडले चिलखत अडकवायला. आता वाटतंय, त्या पट्ट्यांनी दुसरंच कुणीतरी बांधलं गेलंय. वाटल्यास छाती पातळ कर, काहीही कर. पण चिलखत काढू नकोस. बांधलेला आहे तोवर नुसता मार खातोय. सुटला तर..."

"तुला तुझं चिलखत वाचवायचंय. म्हणून भुतं काढतोयस."

"आईशप्पथ."

"उद्या माझी नोकरी जाईल, तेव्हा तुझी आई येणारे का?"

त्याच संध्याकाळी तिने ते चिलखत अपडेटमधून काढून टाकलं. शुक्रवारी दुपारी ते सगळ्या खेळाडूंच्या अंगावरून उतरलं. शिव्यांचा पाऊस पडला, पण सामने बरोबरीचे व्हायला लागले. सरदाराने चारचौघांत तिची पाठ थोपटली. कायम केल्याचं तिथेच सांगून टाकलं.

तिने दिलेला मार आणि बसलेला मार पुन्हा मांडला. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या.

संध्याकाळी सहज म्हणून परत बघितलं.

बसलेला मार जास्त होता.

थोडासाच. पण तो मार कुणीच दिलेला नव्हता...

सोमवारी मिस्त्री आला नाही. त्याचा फोन आला.

"समोरून येतात गं," तो म्हणाला. "सकाळी दात घासत होतो. छातीत भाल्याचं टोक बसावं तसं बसलं. आरशात मी एकटाच. मग जिन्यात. मग जेवताना." आणि तो हसला. "तू मोजणारी ना? सांग की, मी किती वार केले असतील?"

सर्व्हरवर प्रत्येक वाराची नोंद असते. तिने आकडा शोधला.

त्याला सांगितला नाही.

ती सरदाराकडे धावली. "चिलखत परत ठेवूया. आजच."

"डोकं ठिकाणावर आहे का? लोक आत्ता कुठे शांत झालेत."

मग तिने एकटीनेच दार लावून तपासणीच्या मैदानात ते चिलखत परत आणलं, स्वतःच्या सैनिकाच्या अंगावर चढवलं आणि मागून एक आपोआप चालणारा भालेवाला सोडला. निदान तो परत येऊन बांधला जाईल...

एक वार. दुसरा वार. सैनिक मेला.

आवाज कातड्याचा. चिखलात तिसरी पावलं नाहीत.

चिलखत आता अगदी बरोबर चालत होतं.

मिस्त्रीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती भेटायला गेली. बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच्या भावाला बाहेर बसवून त्याला विचारलं होतं, घरात कोण मारतं? मिस्त्री पालथा झोपला होता, छाती गादीत दाबून. नर्स येऊन सरळ करायची. ती वळली की हा पुन्हा पालथा.

"दिसत नाही गं," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "मारताना मला नाही दिसला, आता मारतोय तरी दिसत नाही. हिशेब तेवढा पक्का आहे त्याचा."

"मी ऐकायला हवं होतं तुझं."

"हो. हवं होतं."

त्यानंतर त्याच्या भावाने त्याला कुठेतरी हलवलं. कुठे, ते तिला सांगितलं नाही. तिच्याशी तो बोलतच नाही. एकदा मिस्त्रीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे कुणी बोलेना.

मग आवाज आला.

"हं..."

हेडफोनमधला तोच आवाज. या वेळी मात्र तिला तो ओळखू आला.

मिस्त्रीचा होता.

नंबर तेव्हापासून बंद आहे. तिने नोकरी सोडली. मामी अजून बोलते, "कायम झालेली नोकरी कुणी सोडतं का?"

तिला पहिला बसला लिफ्टमध्ये. आत ती एकटीच होती.

दुसरा बसला आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर. ती ओट्याशी उभी राहून चहा पीत होती. एकदम कमरेत वाकली, कप फुटला. तिच्या समोर कुणीही नव्हतं. छातीवर रुपयाएवढा काळानिळा डाग पडला. तो मी बघितलाय.

तिसरा अजून आलेला नाही.

म्हणून ती सॅक पुढे लावते. आत भाजी चिरायचा लाकडी पाट असतो. मामी हसते, "स्वयंपाक येत नाही आणि पाट घेऊन हिंडते." ती पण हसते. पाटाने काही अडेल असं तिला वाटत नाही. पण तिसरा वार तिने जोर लावून केला होता, एवढं तिच्या लक्षात आहे.

परवा ती जेवायला आली. सॅक काढली नाही. मी तिच्या समोरची खुर्ची ओढली.

"समोर नको बसूस," ती म्हणाली. "शेजारी बस."

"का?"

"समोर बसलं की मध्ये जागा राहते."

मी खाली बघितलं. नुकतीच पुसलेली फरशी. अजून ओली. तिच्यावर कसलाच ठसा नव्हता.

तरी मी खुर्ची हलवली...