हारातला मधला मोती

“श्वास हळू घे ना ढब्बू! मोती उडतील!”

“मी काय पंखा आहे?”

झिपरीने भावाला कोपराने ढोसलं. ही दोघं आणि त्यांची पाच वर्षांची बहीण छोटी, अशी तिघं मावशीच्या टेबलावर हनुवट्या टेकून बसली होती. मावशी मोती ओवायचं काम करायची. खाली मालकांचं जवाहिऱ्याचं दुकान, वर तिची खोली. सुट्टीतल्या दुपारी याहून छान जागा शोधून सापडणार नाही, बरं का! पडद्यातून दुधाळ ऊन यायचं, मोत्यांवर गुलाबी, हिरवट झाक हलायची आणि बघता बघता डोळे जड व्हायचे.

“मावशी, यांना पैलू कोण पाडतं?” छोटीने विचारलं.

“कुणीच नाही, बाळा. हिरे-माणकं दगडातली, त्यांना घासावं लागतं. मोती वाढतो जिवंत शिंपल्याच्या अंगात. आत काहीतरी खुपतं, एखादा किडाही असेल. बाहेर काढता येत नाही, मग शिंपला त्याच्यावर पापुद्रे चढवत बसतो. एकावर एक, कांद्यासारखे. वर्षानुवर्षं!”

“रडत नाही?”

“त्याला कुठे तोंड आहे रडायला!”

समुद्राच्या तळाशी, अंधारात, कुणीतरी एकट्याने दुलई विणत बसलंय, असं छोटीला वाटलं. तिला त्याची फार माया आली.

धाडकन दार उघडलं! मालक आत आले.

“बाई, मोती बदललात तुम्ही!”

त्यांच्या हातात दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या कप्तानआजोबांचा हार होता. आजोबांच्या दिवंगत बायकोची तेवढी एकच आठवण. कालच मावशीने तो नव्या दोऱ्यात ओवून खाली दिला होता. आता मधला मोठा मोती खडूसारखा पांढराफटक दिसत होता.

“कप्तान आत्ता येतील. खरा मोती काढा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका. आणि का काढलं, ते गावभर सांगेन!”

मावशीने हार हातात घेऊन उलटसुलट पाहिला. वीस वर्षांत तिच्या हातून एक मणी इकडचा तिकडे झाला नव्हता. झिपरीच्या अंगाचा तर तिळपापड झाला.

ढब्बूने मोती हळूच दातावर घासला. “करकरतोय! मावशी, खोटा मोती गुळगुळीत लागतो ना? हा खराच आहे!”

“खरा असता तर रात्रभर धुऊन उजळला नसता?” मालक गुरकावले.

“धुऊन?” झिपरीने कान टवकारले. “कशाने धुतलात?”

“डाग होता, म्हणून तेवढा मोती वाटीत बुडवून ठेवला. माझे हिरे, माणकं, सगळी त्याच पाण्यातून लखलखीत निघतात!”

तिघं धडाधड जिना उतरली. बेसिनजवळ वाटी तशीच होती. ढब्बूने नाक लावलं आणि सटासट शिंकला.

“ई! व्हिनेगर!”

तेवढ्यात कप्तानआजोबा दारात हजर! मालकांनी खाली येत त्यांना मोती बदलल्याचं सांगितलं; मागून मावशीही आली.

“मावशी, एक फुटका मोती दे,” झिपरी म्हणाली.

टुप्! सगळे वाटीवर वाकले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मोत्याच्या कडेने एक बुडबुडा सुटला, मग दुसरा, मग बारीक बुडबुड्यांची रांगच. घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

“विरघळतोय तो,” छोटी पुटपुटली.

“तो दगड नाहीये, काका!” झिपरी म्हणाली. “आंबटाने त्याचे पापुद्रे खाल्ले. मावशीने काही बदललं नाही!”

मालकांचे कान लालभडक झाले. “मला कुणी सांगितलंच नाही...”

“विचारलंत कुणाला?” कप्तानआजोबा म्हणाले.

“चुकलं माझं, बाई.” मालकांची मान खाली गेली.

मावशीने मोती दोऱ्यातून सोडवला. तिने दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं, बारीक पातं उचललं. वरची खरखरीत साल तिने कणाकणाने सोलली आणि खालून मऊ, गुलाबी उजेड वर आला.

“अहाहा!” ढब्बूच्या तोंडून निघून गेलं.

“थोडा लहान झाला, कप्तानसाहेब,” मावशी डोळे पुसत म्हणाली.

“होऊ दे. शाबास रे पोरांनो! तुम्ही नसतात, तर मीही या बाईंना चोर समजून घरी गेलो असतो.”

मालकांनी हार घ्यायला हात पुढे केला. आजोबांनी तो मावशीच्या ओंजळीत ठेवला.

“नीट ओवा. आणि झाला की तुम्हीच माझ्या हातात द्या.”