थंडीबाई

"पोरगी गप्प असते खरी, पण तिचं गप्प बसणं आपल्यातलं नाही. हिच्यापायी विल्फ अर्ज मागे घेणार, बघ तू."

सासूबाई हे शेजारच्या लॅव्हिनियाला सांगत होत्या आणि मी मागच्या दाराबाहेर सोललेल्या बटाट्यांची बादली घेऊन उभी होते. आत जावं तर ऐकल्याचं कळणार, बाहेर राहावं तर बोटं गोठणार. मी बोटं गोठू दिली. लग्नाला थोडेच महिने झाले होते, पण एवढी अक्कल आली होती.

माझ्या सासरची माणसं क्वेकर, ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. त्यांच्यात पाद्री नाही, स्तोत्रं नाहीत. साहेब, बाई, सर असलं काही ते कुणालाच लावत नाहीत; सगळे नावाने, सगळे एकेरीत. माझ्या नवऱ्याचे, विल्फचे वडील एकदा न्यायाधीशालाही 'अरे जॉर्ज' म्हणून आले होते, आणि दंड भरून आले होते. आणि ही माणसं लढत नाहीत. आजोबा-पणजोबांपासून नाही.

साल बेचाळीस होतं. चिठ्ठीत नाव निघालेल्या प्रत्येक पुरुषाने सैन्यात जायचं, असा कायदा. विल्फने लिहून दिलं होतं की मी माणूस मारणार नाही. येत्या गुरुवारी त्याला बोर्डापुढे उभं राहायचं होतं. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर युद्ध संपेपर्यंत काटेरी तारांमागची छावणी. अर्ज मागे घेतला तर गणवेश.

आणि माझा भाऊ कॉलिन इजिप्तच्या वाळवंटात लढत होता, आपण होऊन गेलेला. गावात मी कॉलिनची बहीण आणि विल्फची बायको, दोन्ही एकदम होते. खाटीक सॉसेज बांधणाऱ्या पोऱ्याला मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "कॉलिनच्या बहिणीला चांगलं बघून दे रे! आणि काय गं एफी, नवऱ्याला मेंढी कापलेली तरी चालते ना?" दुकान हसायचं. घरी आले की विल्फ माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. "तुला काय वाटतं?" मी म्हणायचे, "तू ठरव." खरं तर माझं मन मलाच सापडत नव्हतं. सापडलं असतं तर सांगितलं नसतं का?

त्या रविवारी दुपारपासूनच नदीवरून धुकं चढायला लागलं. ऐन जुलै, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात हाडात शिरणारा हिवाळा. प्रार्थनासभेची खोली म्हणजे पत्र्याच्या छपराची लाकडी खोली, मध्ये लोखंडी शेगडी, भोवती बाक. तिथे नुसतं डोळे मिटून बसायचं. कुणाला आतून काही सुचलं तर तो बोलतो. इतरांनी ऐकायचं, पण मान वळवून बघायचं नाही, कारण बोलणारा कोण याला महत्त्व नाही. शेवटी दोघे वडीलधारे हात मिळवतात, मग सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात, आणि सभा सुटते.

धुक्यामुळे आम्ही पाचच जण आलो होतो. सासूबाई, लॅव्हिनिया, म्हातारा बर्ट्रम, विल्फ आणि मी. मी बाकाच्या टोकाकडे बसले होते. उजवीकडे विल्फ, डावीकडे एका माणसापुरती मोकळी जागा आणि मग भिंत.

शेगडीत लाकूड तडकलं. पत्र्यावरून पाण्याचा थेंब ओघळला... दुसरा ओघळला. मग काहीच नाही. धुक्याने बाहेरचे सगळे आवाज गिळले होते, नदीचासुद्धा.

आधी आला वास. कार्बोलिक साबणाचा, ओल्या कांबळ्याचा, आणि त्याखाली भिंतीला नुकत्याच फासलेल्या चुन्याचा. मग माझ्या डावीकडे बाक कुरकुरला.

उशिरा आलं असेल कुणी, मी स्वतःला समजावलं. पण त्या खोलीचं दार जमिनीला घासतं, ते उघडलं की मेलेलाही जागा होईल. दार वाजलं नव्हतं.

कुणीतरी श्वास घेतला... माझ्या अगदी कानाशी. मग बाक थरथरायला लागला. बारीक, न थांबणारी थरथर. दातांवर दात आपटत होते. डोळे उघडायचे नाहीत हा इथला नियम. त्या दिवशी मी तो जितक्या मनापासून पाळला तितका आजवर कधीच पाळला नव्हता.

"थंडीबाई रोज यायची..." आवाज पुरुषाचा होता, हलका, बसलेला. "यायची आणि मांडीवर बसायची... गणवेश समोर घडी करून ठेवलेला... लोकरीचा, उबदार... मी नाही घातला." बाक पुन्हा कुरकुरला. "शेवटपर्यंत नाही."

कुणी मान वळवली नाही. इथे वळवतच नाहीत.

भीतीने माणूस हात मागे घेतो. माझा पुढे का गेला ते मला आजही सांगता येणार नाही. शेजारी कुणी इतकं कुडकुडत असताना हात मांडीवर ठेवून बसवेना, एवढंच. बाकावर माझ्या हाताला एक हात लागला. नदीतल्या दगडासारखा गार. मनगट हाडांचं, त्यावर बाही नव्हती. मला वाटलं, आता हा गारवा माझ्या खांद्यापर्यंत चढणार. तसं झालं नाही. हळूहळू, अगदी हळूहळू, तोच हात ऊन होत गेला. बाकाची थरथर थांबली.

सासूबाईंनी आणि बर्ट्रमने हात मिळवल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले. डावीकडे रिकामा बाक होता, आणि भिंत.

"बर्ट्रम, आज बरं बोललास," लॅव्हिनिया म्हणाली.

"मी? माझा घसा सकाळपासून धरलाय. मला वाटलं विल्फ बोलतोय."

"मी नाही बोललो," विल्फ म्हणाला. "मला वाटलं तूच."

"म्हणजे मीच बोलले असणार, दाढी लावून!" लॅव्हिनिया हसली. मग हसता हसता थांबली.

सासूबाई हलल्याच नव्हत्या. "थंडीबाई," त्या पुटपुटल्या. "हा शब्द आमच्या घरातला आहे. अ‍ॅमॉसने काढलेला, अगदी लहान असताना."

अ‍ॅमॉस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मागच्या युद्धात तुरुंगात मेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचं नाव घरात निघत नसे.

"त्याचे कपडे काढून घेतले होते," त्या शेगडीकडे बघत म्हणाल्या. "गणवेश घाल, नाहीतर बस कुडकुडत. न्युमोनियाने गेला. शवपेटी घरी आली तेव्हा अंगावर गणवेश होता. बटणं वरपर्यंत लावलेली. त्यांनी मेल्यावर चढवला, की त्यानेच आधी... पंचवीस वर्षं मी स्वतःलाही विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची."

त्यांनी शालीचं टोक तोंडावर धरलं. रडत होत्या, पण खांदे सैल झाले होते.

"आई, मी उद्या अर्ज मागे घेणार होतो," विल्फ म्हणाला. "एफीला खाटकाच्या दुकानात रोज मान खाली घालावी लागते. तिचा भाऊ तिकडे मरणाच्या दारात, आणि मी इथे गायी पिळतोय."

मला वाटलं, आता त्या चिडतील. पण त्या म्हणाल्या, "मग घे मागे. अ‍ॅमॉसचं ओझं मी तुझ्या पाठीवर ठेवलं होतं रे. त्याचं त्याने निभावलं. तू तुझं बघ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तू त्या टोकाला होतीस, एफी," बर्ट्रमने हळूच विचारलं. "तुला काही कळलं का?"

मी उठायला गेले आणि उठता येईना. हात मिळवून झाले होते, सगळ्यांचे सुटले होते. माझा डावा, शालीखालचा, सुटला नव्हता. ऊन झालेली बोटं माझ्या बोटांत तशीच होती. पोराने आईचा हात धरावा तशी. मला भीती वाटत होती, पण माझं मन मात्र सापडलं होतं, लख्ख.

"कॉलिन त्याच्या मनाने गेला, विल्फ," मी म्हणाले. "तू माझ्या मनाने जाऊ नकोस. गुरुवारी मी तुझ्याबरोबर येते, आणि खाटकाचं मी बघून घेईन. आणि आता सगळे शेगडीपासून जरा सरकून बसा... हा अजून उठलेला नाही."