मी घोडी पुढं काढतो

कुरुळीच्या फाट्यावर कंपनीची बस चुकली, म्हणून दीपमालानं पोस्टरवरचा तो गेम मोबाईलवर उघडला. एवढंच निमित्त. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या दादासाहेबांनी तरुण मतदारांसाठी काढलेला गेम — बैलगाडा शर्यत. एकानं पुढं घोडी पळवायची, दुसऱ्यानं तिच्या मागं बैल सोडायचे. जोडीदार गेमच लावून द्यायचा. तिच्या वाट्याला जयदीप आला... आणि हेडफोनमधून त्याचा आवाज.

"मी घोडी पुढं काढतो. तुला वाटंल तवा बैल सोड. घाबरू नको, मी हाय."

आता सांगा, औशाहून येऊन दिवसभर पॅकिंगला उभं राहणाऱ्या, खोक्यांवर मार्करनं 'ओके' लिहिणाऱ्या पोरीला 'मी हाय' असं शेवटचं कोण म्हणालं होतं? पहिल्याच शर्यतीत तिचा जीव गुंतला. मग रोज शिफ्ट सुटली की दोघं शर्यतीत.

"तुजं बैल लई लाडावल्यात," तो म्हणायचा.

"तुझी घोडीच निवांत चालायली, मी काय करू?"

"ती मागं वळून बघती ना... तुज्याकडं."

ती हसली की तो गप्प व्हायचा. त्या गप्प राहण्यावर ती दुसऱ्या दिवसाची अख्खी शिफ्ट काढायची.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं सहज विचारलं, "मत इथलंच ना तुजं? बाहेरचं आसलं तर जोडी तोडाय लागती. वरनं सांगितलंय."

दीपमालाचं नाव औशाच्या मतदारयादीत. तरी तोंडातून निघून गेलं, "इथलंच की."

"मग मतदानादिवशी शाळेपाशी आमच्या दादासाहेबांच्या टेबलावर ये. शाईचं बोट दाखव... मग एक सांगायचंय."

काय सांगायचंय, हे का कुणी फोडून सांगायला हवं? त्या दिवशी तिनं कामावर खाडा केला, ठेवणीतला अबोली ड्रेस घातला, आणि डाव्या हाताच्या बोटाच्या नखावर कंपनीच्याच मार्करनं काळी रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

टेबलामागं तो बसला होता. कुणाशी तरी बोलत होता, त्या आवाजावरून ओळखला. गालाला खळी होती, ती मात्र आवाजात कळली नव्हती. तिनं बोट पुढं केलं.

"घोडी... पुढं काढलीस का?"

तो हसला. मोबाईल उचलून बोटाचा फोटो काढला. "लई भारी. नाव सांगा ताई, यादीत खूण करतो."

ताई. तीन आठवड्यांत हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नव्हता.

तिनं नाव सांगितलं. त्याचं पेन यादीवरून खाली गेलं, परत वर आलं... थांबलं. "न्हाई की. मत कुठलं तुमचं?"

"औशाचं." मग धीर करून ती म्हणाली, "तू काहीतरी सांगणार होतास."

"व्हय... दादासाहेबांनी आभार सांगितल्यात. समद्यांनाच." तो ओशाळला. फोटो पुसता पुसता हळूच म्हणाला, "चाळीस जोड्या होत्या मला, ताई. तुमची तेवढी वाया गेली बघा."

मागच्या पोरीनं तिच्या खांद्यावरून आपलं बोट पुढं केलं. "घोडी पुढं काढली का रे?" आणि तो पुन्हा तसाच हसला.

फाट्यावर येईस्तोवर दीपमालानं रडू दाबून धरलं. गाव सोडतानाही इतकं एकटं वाटलं नव्हतं. तिनं हेडफोन लावून गेम उघडला. जोडी तोडलेली. बैल उभे होते, पुढं घोडी नव्हती. तरी तिनं त्याच्या आवाजासाठी कान दिला.

"सोडते रे..." ती म्हणाली आणि अंगठा दाबला.

बैल जागचे हलले नाहीत.