भट्टीच्या भिंतीचा तमोलेख

हे घडलं सन २०४३ च्या जानेवारीत. कवडशीची जुनी भट्टी पाडायचं काम त्याच आठवड्यात सुरू व्हायचं होतं. त्याआधी तिथल्या एका भिंतीचा फोटो काढायला डॉ. पुष्पलता गभणे नागपूरहून आल्या. वय एकाहत्तर. सोबत त्यांची एके काळची विद्यार्थिनी डॉ. निखत काझी आणि जीपभर पेट्या. काम दोन दिवसांचं.

वैनगंगेच्या काठचा हा कारखाना मँगनीजचा दगड विजेच्या भट्टीत वितळवून पोलादात मिसळायचा धातू करायचा. १९९६ मध्ये तो बंद पडला. यंत्रं भंगारात गेली, पत्रे वाऱ्याने नेले. आता उभा होता तो विटांचा सांगाडा, बाभळींनी भरलेले रूळ आणि धातूच्या मळीचे काळे ढीग. पुष्पलताबाई उतरल्या त्या थेट आत निघाल्या. टाइम ऑफिस कुठे होतं, कँटीनच्या भज्यांचा वास कुठपर्यंत यायचा, कुठल्या नळाचं पाणी गार असायचं, हे त्या चालता चालताच सांगत होत्या, आणि निखत मागून सारखी "मॅडम, खाली सळया आहेत" म्हणत होती.

पाडकामाचे ठेकेदार तेजराम कटरे भट्टीघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पेट्या पाहिल्या, मग दोघींना पाहिलं.

"आजी, मोबाइलवर काढून घ्या ना फोटो. एवढं लटांबर कायले आणून राहिल्या?"

"मोबाइल उजेडाचा फोटो काढतो," निखत म्हणाली. "आम्हाला अंधाराचा काढायचाय."

कटरे हसले, पण खुर्ची पुढे ओढून ऐकत बसले. निखतने त्यांना समजावलं ते असं. वाळूचा कण म्हणजे एक इवलासा रांजण. कण अंधारात असला, की आसपासच्या मातीविटांमधल्या मंद किरणोत्साराने त्यात ऊर्जा थेंब थेंब साठत जाते. उजेड लागला की रांजण उपडा होतो आणि पुन्हा अंधारात गेल्यावर पहिल्यापासून भरू लागतो. कोणता कण किती भरलाय हे मोजलं, की तो किती काळ अंधारात होता ते कळतं. भिंतीवरच्या कणाकणाचं असं माप घेऊन जे चित्र तयार होतं, त्याला पुष्पलताबाईंनी नाव दिलं होतं तमोलेख.

"मोजाले मग दोन दिवस कायले पायजे?"

"मोजायलाही उजेडच टाकावा लागतो. मोजलं की रांजण रिकामा. म्हणून एकदाच मोजता येतं. चुकलं तर पुन्हा नाही."

भिंत हीच का, हे निखतने सांगितलं नाही. ते पुष्पलताबाईंनी तिलाही अलीकडेच सांगितलं होतं.

फेब्रुवारी १९८१ मध्ये या भट्टीत अपघात झाला. विजेचा भार अनावर वाढला, डोळे फुटतील असा प्रकाशाचा लोळ उठला, छप्पर उडालं आणि भट्टी कलंडून वितळलेला धातू जमिनीवर पसरला. सहा कामगारांचे देह सापडले. वीज तोडणाऱ्या मुख्य खटक्यावर असणाऱ्या लक्ष्मण गभणेंचा, पुष्पलताबाईंच्या वडिलांचा, पत्ता लागला नाही. व्यवस्थापनाच्या चौकशीत ठरलं, की भार वाढलेला पाहून लक्ष्मण घाबरला, खटका न पाडताच पळाला, आणि म्हणून सहा जण गेले. तेव्हा पुष्पलता नऊ वर्षांची होती. आईने दोन्ही मुलांना घेऊन कुणालाही न सांगता माहेरचं गाव गाठलं. तिथेही बातमी पोचलीच. शाळेत तिला नावाने हाक मारायच्या ऐवजी पळपुट्याची पोर म्हणत.

वाळूच्या कणांवर तिने सारं आयुष्य घालवलं ते काही योगायोगाने नाही. भट्टीघरातल्या मंद उजेडात कण पुरते रिकामे होत नसत; लोळ उठला त्या क्षणी मात्र भिंतीवरचे सगळे कण रिकामे झाले असणार. पण लोळ आणि भिंत यांच्यामध्ये माणूस उभा असेल, तर त्याच्या सावलीतले कण भरलेलेच राहतील. खटका या भिंतीसमोर होता. लक्ष्मण जागेवर होता की नव्हता, हे सांगणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

कारखान्याच्या एका रीतीवर तिची भिस्त होती. दर दसऱ्याआधी, खंडेनवमीच्या यंत्रपूजेसाठी, भिंतींना चुना लागायचा, आणि तो नीट धरावा म्हणून त्यात नदीची बारीक वाळू घालायचे. चुन्याचा नवा हात बसला की खालचा थर कायमचा अंधारात जायचा. फोटोच्या काचा एकावर एक रचून ठेवाव्यात तशी ती भिंत होती.

भिंतीला काळा तंबू लावून दोघींनी लाल दिव्यात वरचे थर एकेक करून सोलले. अपघाताचा थर ओळखू येणार होता, त्यात धातूचे शिंतोडे रुतलेले होते. तो लागला तसा निखतचा हात थांबला.

"मॅडम, वर चौदाच थर निघाले. १९८१ ते ९५ चे पंधरा हवे होते."

पुष्पलताबाई उठल्या. तंबूत चालायला जागा नव्हती, तरी त्या चार पावलं जाऊन परत येत राहिल्या.

"त्या दसऱ्याला चुना लावलाच नसेल," त्या अखेर म्हणाल्या. "सुतकाच्या वर्षी सण करत नाहीत. लोकांनी भिंतीला हात लावू दिला नसेल."

निखतच्या ध्यानात आलं होतं ते त्यांच्याही लक्षात आलंच होतं. भट्टी पुढच्या साली, १९८२ च्या दसऱ्याला, नवं छप्पर घालून सुरू झाली. तोवर ही भिंत उघड्यावर होती. दीड वर्षाच्या उन्हाने उरलेसुरले रांजणही उपडे केले असणार. व्यवस्थापनाने त्या दसऱ्याला घाईघाईने चुना फासला असता, तर सावली थोडीतरी टिकली असती. मेलेल्यांचा मान राखणाऱ्यांनीच ती उन्हाच्या हवाली केली होती.

"राहू द्यायचं का?" निखतने विचारलं. "हा थर सोलून प्रयोगशाळेत नेऊ. दहा वर्षांनी आणखी बारीक मोजणारं यंत्र येईल."

"रिकामा रांजण दहा वर्षांनीही रिकामाच. आणि दहा वर्षांनी मी कुठे असणार? चालू कर."

पडद्यावर तमोलेख एकेक ओळ उमटू लागला. अंधार जितका जुना, तितका ठिपका उजळ. बाई पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांना बघवेना आणि तंबूबाहेरही जाववेना. बराच वेळ निखत फक्त "सपाट आहे", "सपाटच आहे" म्हणत राहिली. मग तिने हाक मारली.

सपाट करड्या भिंतीवर चौकोन उमटले होते. एका रांगेत सहा, सगळे सारख्या मापाचे, भिंतीपेक्षा किंचित उजळ. आतले कण भिंतीच्या इतर कणांहून साधारण दीड वर्षाने जुन्या अंधारातले होते.

"इथे ऊन पोचलं नाही," निखत म्हणाली. "काहीतरी टांगलेलं होतं."

"तसबिरी," पुष्पलताबाई म्हणाल्या. "गेलेल्यांच्या."

यंत्र पुढे सरकत होतं. रांगेपासून दूर, जिच्यासमोर खटका होता त्या जागी, सातवा चौकोन आला. त्याच मापाचा, पण त्याचा बराचसा भाग पांढराफट्ट होता. निखतने आकडे दोनदा पाहिले.

"मॅडम, हे दीड वर्षाचं नाही. हे कण नदीतून आल्यापासून पुरते रिकामे कधी झालेच नाहीत. लोळाच्या वेळीही नाही."

पांढऱ्या भागाची कड तिरपी वर गेली होती. तसबिरीने झाकलं होतं तेवढंच वाचलं होतं: एक खांदा आणि खाली खेचायला वर नेलेला हात. डोकं चौकटीबाहेर राहिलं होतं. कामगारांना सावलीचं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. लक्ष्मण जिथे उभा असायचा तिथेच त्यांनी लगोलग त्याची तसबीर लावली होती, इतकंच. चौकशीने सहा मोजले होते, त्यांनी सात मोजले. हे सांगायला कुणी आलंही असेल, पण तोवर घराला कुलूप होतं.

पुष्पलताबाई खाली बसल्या. निखतने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसती हातात धरून ठेवली.

"खटका पडला नाही, मॅडम. लोळ आधी आला."

"हो," त्या म्हणाल्या. "पण तो तिथे होता."

कटऱ्यांनी भिंत ठरल्या दिवशी पाडली, मात्र ती शेवटी घेतली आणि तोवर कुणाला तिला पाय लावू दिला नाही. त्या जागी आता गोदामं आहेत. निखतने तमोलेखाची रीत देशभरच्या बंद गिरण्या-कारखान्यांत नेली. सण न झाल्याने चुन्याविना उघडा राहिलेला थर ती आधी शोधते. व्यवस्थापन केव्हाच बुडालेलं असल्याने चौकशीचा निष्कर्ष बदलायला कुणी उरलं नव्हतं, तो तसाच राहिला. पुष्पलताबाईंच्या धाकट्या भावाने त्याच फेब्रुवारीत पवनीच्या घाटावर वडिलांचं पहिलं श्राद्ध केलं. आईच्या हयातीत ते करता आलं नव्हतं, कारण पळालेल्या माणसाची बायको शेवटपर्यंत सवाष्णच राहिली.

पुष्पलताबाई २०५१ मध्ये गेल्या. घर सोडताना आईने नवऱ्याचे फोटो चुलीत घातले होते, त्यामुळे त्यांच्या बैठकीत वडिलांची एकच तसबीर होती. तिच्यात चेहरा नाही. फक्त खांदा आणि वर गेलेला हात.