स्वशून्य

भीमसेन पाखरेच्या उजव्या हाताला एकही नख उरलं नव्हतं, आणि डॉ. वैजयंती सरंजामे यांच्या समोरच्या पडद्यावर त्याच्या वेदनेचा आलेख एकतिसाच्या वर गेलेला नव्हता.

वेदनापट्टीचा शोध त्यांनीच लावला होता. कपाळाला बांधली की मेंदूतली वेदना आकड्यात दिसे. कायद्याने चाळीसची मर्यादा घातली होती. कोठडीत आकडा त्यापुढे गेला की चौकशी बंद आणि अधिकारी निलंबित. तीन वर्षांत तसं एकदाही घडलं नव्हतं. राज्यातला छळ संपवला म्हणून वैजयंतींचा सत्कारही झाला होता.

"मग ही नखं कुणी काढली, बाई?" भीमसेनची बायको शेवंता विचारत होती. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात तो कामगारांचा पुढारी होता. संपाच्या दिवशी त्याला उचललं होतं.

वैजयंती त्याला कोठडीत भेटल्या.

"पट्टी कधी बांधली तुम्हाला?"

"चौथ्या दिवशी. नखं तोवर गेली होती. पुढचं त्या मानानं..."

त्या तडक उपअधीक्षक जामदारांकडे गेल्या. "वेदनेचं शून्य प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून पट्टी बांधल्यावरचा पहिला तास आम्ही त्या माणसाचं स्वशून्य धरतो. पुढचा आकडा त्या शून्यापासून मोजायचा. तुम्ही आधी माणूस मोडलात आणि मग शून्य घेतलंत!"

"कायदा म्हणतो, चौकशीआधी घ्यावं. चौकशी चौथ्या दिवशी सुरू झाली." जामदारांचा आवाज चढला नाही. "मसुदा तुमचाच ना, मॅडम?"

त्यांचाच होता.

वैजयंतींनी उच्च न्यायालयात धाव घेतली. भीमसेनवर उपचार करा, जखमा भरल्या की नवं स्वशून्य घ्या. जुना आलेख त्यावर मांडला की खरे आकडे उघडे पडतील. न्यायमूर्ती वागळ्यांना ते पटलं. त्यांनी सहा आठवडे दिले.

जखमा भरल्या. शेवंता रोज डबा आणायची. भीमसेन जेवू लागला, अधूनमधून हसूही लागला. मग भर न्यायालयात तासभर पट्टी बांधली.

"नव्या-जुन्या शून्यात फरक किती?" न्यायमूर्तींनी विचारलं.

वैजयंतींनी आकडे तीनदा तपासले. "काहीच नाही."

"म्हणजे चौथ्या दिवशीही हे आजच्यासारखेच सुखरूप होते?"

"नाही! फार सोसलं की मज्जासंस्थाच बदलते. जखम भरते, पण वेदना आत मुक्काम ठोकते. ते आज, इथे बसूनही, चौथ्या दिवशीइतकंच सोसताहेत."

"पट्टी हे दाखवते?"

"पट्टी फक्त फरक दाखवते."

"आणि कायद्यात छळाची व्याख्या?"

"पट्टीवरचा फरक."

शेवंता उठून नवऱ्यापाशी आली. "अहो, अजून दुखतंय तुम्हाला? बोलला नाहीत ते!"

"दुखतंय होय हे?" भीमसेन गोंधळला. "मला वाटलं, बरं वाटणं असंच असतं."

याचिका फेटाळली गेली. चौथ्या दिवशीचं स्वशून्य न्यायालयाने ग्राह्य ठरवलं, आणि उरलेल्या चौकशीसाठी भीमसेनला जामदारांच्या ताब्यात दिलं. आता ते शून्य कुणालाही बदलता येणार नव्हतं.