उरलेलं पाणी

तळा गावाहून रेवदंड्याला यायचं तर रोह्याला गाडी बदलावी लागते. वादळाचा इशारा होता, शाळेला सुट्टी दिली होती, म्हणून मला जमलं. एरवी आईला शेजारच्या क्रांतीवर सोपवून बाहेर राहणं मला कुठलं परवडायला? एसटीत खिडकीशी बसून मी भावाला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी करत होते.

माझा धाकटा भाऊ प्रथमेश शिडाच्या बोटीतून एकटा समुद्र हिंडतो. पेपरात त्याचे फोटो येतात. आमची आई, इंदूबाई, अंथरुणाला खिळलेली. तिला भरवते मी, कुशीवर वळवते मी, आणि डोळे उघडले की ती विचारते, "पम्या आला का गं?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. आता तर तिने जेवणच सोडलं होतं. पम्या आला की जेवेन, एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, भावाला बोलावून घ्या, फार दिवस नाहीत. कोचीहून निघालेला हा बाबा वादळामुळे नाइलाजाने रेवदंड्याच्या खाडीत शिरला, तेव्हा कुठे त्याचा फोन लागला. आज त्याला घरी घेऊनच जायचं, असं ठरवून मी निघाले होते.

तो मला धक्क्यावर भेटला. उन्हाने काळवंडलेला, गालफडं बसलेली. आभाळ पिवळट होतं आणि झावळीसुद्धा हलत नव्हती. वाळत घातलेली मासळी बायका घाईघाईने टोपल्यांत भरत होत्या. तिथून जवळच फिरोजाचं घर. नवरा खलील कुवेतला असतो. पुढच्या खोल्या ती उतारूंना देते, जेवूही घालते. या किनाऱ्यावर आला की प्रथमेश तिच्याकडेच उतरतो.

फिरोजाने आम्हाला बाहेर जांभ्याच्या पायरीवरच थांबवलं. तांब्या भरून आणला आणि प्रथमेशच्या पायांवर पाणी घातलं. पण अर्धंच. मग ती आमच्या मागे रस्त्याकडे पाहायला लागली.

"दुसरा कुठं राहिला?"

"दुसरा कोण?" मी विचारलं.

"बोट खाडीत शिरली तवा मी गच्चीवर व्हते. भाऊ तर पुढं नांगराजवळ उभे. मागं सुकाणू कुणीतरी धरलं व्हतं ना."

"मी एकटाच असतो, भाभी," प्रथमेश म्हणाला. पण हे म्हणायला त्याने जरा वेळ घेतला.

फिरोजाने अर्धा तांब्या पायरीच्या कडेला ठेवला. मग काहीशी ओशाळून मला म्हणाली, "ताई, ह्याला हात लावू नका. दुसऱ्याच्या वाटचं उरलेलं पाणी परत दर्यात ओतायचं असतं. माझी सासू सांगायची. दर्यावरनं आलेल्याच्या पायावर गोडं पाणी पडलं, की तो घरचा झाला."

मी शाळेत विज्ञान शिकवते. नवस, उतारे, अंगारे यांना आमच्या वडिलांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. मी नुसती मान हलवली आणि आत गेले.

तांदळाची भाकरी होती, सुरमईचं कालवण होतं. प्रथमेश घास हातात धरून बसला होता.

"आईने जेवण सोडलंय," मी म्हटलं. "आज माझ्याबरोबर चल."

"येतो."

भांडणाची एवढी तयारी करून आले होते, ती सगळी वाया गेली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ताटात बघत राहिले.

"ताई, एक सांगतो, हसू नकोस. मी झोपतो तेव्हाही बोट वाट सोडत नाही."

"सुकाणू धरणारं यंत्र आहे ना तुझ्याकडे?"

"ते कारवारच्या आधीच बंद पडलं. परवा मला जाग आली, तर सुकाणूचा दांडा कोमट होता. आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखा."

"झोप नसली की माणसाला काहीही भासतं."

"तसंच असेल." त्याने घास खाली ठेवला. "पण तो नसता तर मी इथवर पोचलो नसतो."

जेवण होईतो वारा सुटला, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. "दुसरा नांगर टाकून येतो, मग निघू," म्हणून प्रथमेश धक्क्याकडे गेला. मी पिशवी घेऊन दाराशी आले. तांब्या कलंडायच्या बेतात होता. तो पाहून मला रागच आला. यांनी जगभर पसारा मांडायचा आणि आम्ही मागचं आवरत बसायचं. मी तांब्या उचलला, पाणी पायरीवर फेकलं आणि तो आत नेऊन पालथा घातला.

परत आले तर पायरी भिजली होती, मधल्या दोन जागा सोडून. शेजारी शेजारी, पावलांएवढ्या, कोरड्या ठक्क. जांभा सगळीकडे सारखं पाणी पीत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी बघत असतानाच त्या भिजल्या. आधी उजवी, मग डावी.

खारट, गार हवा माझ्या अंगावरून घरात गेली. वारा तर घराकडून समुद्राकडे वाहत होता.

मागे फिरोजा उभी होती. "पाणी?"

"फेकलं."

"कुठं?"

मी पायरीकडे बोट केलं. ती ओढणी डोक्यावर ओढून धक्क्याकडे चालू लागली, आणि मी तिच्या मागे धावले.

बोट सुटली होती. नांगर धरत नव्हता. ओहोटी आणि वारा मिळून तिला खाडीच्या तोंडाकडे ओढत होते. प्रथमेश पुढच्या टोकाला दोराशी झटत होता आणि सारखा मागे वळून ओरडत होता.

"धर! धर ना!"

मागे कोणी नव्हतं. सुकाणूचा दांडा मोकळाच इकडून तिकडे आपटत होता.

तो पुन्हा वळला, आणि या खेपेला ओरडला नाही. त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने किनाऱ्याकडे पाहिलं.

पावसाने सगळं झाकून टाकलं.

बोट मुरुडच्या वाळूत सापडली, ओरखडाही न उमटलेली. प्रथमेश सापडला नाही. शोध थांबल्यावर फिरोजाने मला एसटीत बसवून दिलं. "पाण्याचं कुणाला सांगू नका, ताई," एवढंच म्हणाली. मी कुणालाही सांगितलं नाही.

प्रथमेशबद्दल क्रांतीला मी फोनवर कळवलं होतं, आणि आईला सांगू नकोस म्हणूनही बजावलं होतं. ती मला दारातच भेटली.

"मावशी जेवतायत," ती हळू आवाजात म्हणाली. "वादळ आलं त्या संध्याकाळपासून. मी काहीच बोलले नाही गं."

आई उशीला टेकून बसली होती. खाटेशेजारची फरशी ओली होती. मी सवयीने फडकं आणून पुसली. वाळल्यावर तिथे पांढरा खार उमटला.

आईने माझा हात हातात घेतला. याआधी कधी घेतला होता, मला आठवत नाही.

"गुणाची गं माझी पोर," ती म्हणाली. हे ऐकायला मी किती वर्षं घातली होती. "उगाच तुला टाकून बोलायची मी. तुझ्यामुळे तो घरी आला."

"कोण, आई?"

ती दाराकडे बघून हसली.

"पायावर पाणी तूच घातलंस म्हणाला."